साथीच्या दिवसांतील सेवामंडळ



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी मला आज येथे उभे केले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. या व्यासपीठावरची भाषणे मी आजवर मांडवाच्या कडेला उभा राहून ऐकत आलो. माझे शाळेचे शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर, कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर आणि संपाच्या सभांत झाले. तेव्हा माझ्या बोलण्यात शास्त्रीय मांडणी कमी आणि पाहिलेले-सोसलेले अधिक असेल, ते आपण गोड मानून घ्यावे.

विषय असा आहे की, साथीच्या काळात सेवामंडळ जागते कशाच्या बळावर राहते. युनियनवाल्याने सेवामंडळावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. आमच्या चळवळीत 'सेवा' या शब्दाकडे थोडे तिरकस पाहण्याचीच रीत आहे. हक्क मागणाऱ्याच्या हातावर कोणी दान ठेवू लागले की तो बिचकतो, आणि त्याचे बिचकणे रास्तही असते. परंतु २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत या इचलकरंजीत एका मंडळाचे काम मी जवळून पाहिले. त्याचे नाव घेत नाही, कारण त्याचे कार्यकर्ते समोरच बसले आहेत आणि नाव घेतलेले त्यांना रुचणार नाही. त्या कामातून सेवेबद्दल आणि हक्काबद्दल मला जे उमगले ते आपणांपुढे ठेवतो.

आपल्या भाषेत 'साथ' हा शब्द मोठा विलक्षण आहे. पटकीची साथ आली असेही आपण म्हणतो आणि संकटात त्याने साथ दिली असेही म्हणतो. एक साथ माणसांना परस्परांपासून तोडते, दुसरी जोडते. पहिली न बोलावता येते. दुसरी मात्र आधीपासून जपलेली असावी लागते.

सेवामंडळ किंवा सर्व्हिस क्लब हा प्रकार मुळात भेटीगाठींतून जन्मला. रोटरीचेच उदाहरण घ्या. १९०५ साली शिकागो शहरात पॉल हॅरिस या वकिलाने काही व्यावसायिक मित्रांना एकत्र केले. पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत बैठक भरे, म्हणून नाव पडले रोटरी. पुढे १९१७ साली लायन्स निघाले. आपल्या गावोगावची मंडळे, महिला मंडळे, तालमींची सेवापथके यांचाही प्राण तोच; ठरल्या वारी जमणे, चहा घेणे, हिशेब वाचणे, पुढचे काम ठरवणे. मग प्रश्न असा उभा राहतो की, ज्या संस्थेचा प्राणच जमण्यात आहे, तिने जमण्याचीच बंदी झाल्यावर जगावे कसे? ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची जागतिक साथ जाहीर केली. २४ मार्चला रात्री आठ वाजता टाळेबंदीची घोषणा झाली आणि मध्यरात्री ती लागू झाली. चार तासांत देश बंद झाला, आणि त्याबरोबर असंख्य मंडळांच्या बैठकीच्या खोल्यांना कुलपे लागली. काही मंडळे त्या कुलपाबरोबरच झोपी गेली. काही मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागली. असे का झाले, हे आज पाहावयाचे आहे.

पहिल्यांदा थोडा इतिहास पाहू. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. लवकरच ती साथ पुण्यात आली. १८९७ साली सरकारने साथरोगांचा कायदा केला, आणि १२३ वर्षांनी कोरोनाच्या वेळी तोच कायदा पुन्हा बाहेर काढावा लागला. पुण्यात रँडसाहेबांच्या अमलात गोरे सोजिर घरांत शिरून झडत्या घेऊ लागले. रोगी हुडकून वेगळा ठेवणे वैद्यकाच्या दृष्टीने गैर नव्हते. परंतु जे हात दार उघडत होते त्यांच्यावर लोकांचा काडीइतका विश्वास नव्हता. लोक रोगी लपवू लागले. पुढे २२ जून १८९७ च्या रात्री काय झाले ते शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे.

त्याच साथीत, त्याच पुण्याच्या परिसरात, दुसरेही एक काम चालले होते. सावित्रीबाई फुले यांचे चिरंजीव डॉक्टर यशवंत यांनी हडपसरजवळ सासाणे मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना घातला, आणि सावित्रीबाई स्वतः रोगी आणू लागल्या. मुंढव्याहून एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणले, ही हकिगत प्रसिद्ध आहे. त्या शुश्रूषेतच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांच्या धैर्याबद्दल आपण नेहमी बोलतो. मला आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. सत्यशोधक समाज १८७३ सालचा. १८७६-७७ च्या दुष्काळात याच मंडळींनी धनकवडीला भुकेल्या मुलांसाठी आश्रम चालवला होता. धान्य कोठून आणावे, वर्गणी कशी मागावी, दार उघडणाऱ्याशी बोलावे कसे, याचा सराव त्यांना वीस वर्षे आधीपासून होता. प्लेगने त्यांना सेवा शिकवली नाही. प्लेग आला तेव्हा सेवा त्यांच्या अंगवळणी पडलेली होती.

दुसरे उदाहरण १९१८ चे. इन्फ्लुएन्झाची ती साथ लोक 'मानमोडी' म्हणून ओळखत. त्या वर्षी ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. शिरगणतीच्या इतिहासात असे दशक दुसरे नाही. त्या वेळी सरकारी यंत्रणा तोकडी पडली. ज्ञातींची मंडळे आणि सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्था औषध, दूध, पांघरुणे घेऊन वस्त्यांत गेल्या. ही लीग मुंबईत १९११ साली स्थापन झाली. तिचे चिटणीस नारायण मल्हार जोशी, म्हणजे आम्हा कामगारांचे ना. म. जोशी. गिरणगावात लीगच्या रात्रशाळा होत्या, फिरती वाचनालये होती, दवाखाने होते. म्हणून चाळीत ताप शिरला तेव्हा लीगच्या माणसाला चाळीचा रस्ता विचारावा लागला नाही. जोशींकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

आता आपल्या गावाकडे येऊ.

आपले गाव मागांच्या खडखडाटावर जगते. मागावरच्या माणसाची मजुरी पिकावर. माग फिरला तर मजुरी, थांबला तर पदरी शून्य. कांडीवाल्या बाया, वहिफणीवाले, घडीवाले, हमाल, सर्वांचे तेच. २५ मार्च २०२० च्या सकाळी माग थांबले आणि या गावात जी शांतता पसरली तिची आम्हांला भीती वाटली. २९ मार्चला केंद्र सरकारने हुकूम काढला की, टाळेबंदीतही पूर्ण वेतन द्यावे. पण ज्याची मजुरी पिकावर, त्याचे 'पूर्ण वेतन' म्हणजे किती? एका कारखानदाराने मला सरळ विचारले, "माग फिरला नाही, तर पीक कुठले मोजू?" तो स्वतःही खर्चीवाला, दुसऱ्याच्या सुतावर माग चालवणारा, त्याच्याही घरात पैसा नव्हता. तो हुकूम १८ मेपासून मागे घेतला गेला. शिधापत्रिका असणाऱ्यांना मोफत धान्य मिळू लागले; परंतु उत्तरेकडून आणि ओडिशाकडून आलेल्या भावांची पत्रिका त्यांच्या मुलखात. त्यांच्यासाठी धान्याची घोषणा झाली ती १४ मे रोजी. म्हणजे जवळजवळ पन्नास दिवस ज्याच्या नावाचा कागद येथे नव्हता तो माणूस येथे नव्हताच, असे समजून चालले होते.

येथे ते मंडळ पुढे आले. पण एकट्या उत्साहाच्या जोरावर ते आले नाही. आधीच्याच वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, पंचगंगेला महापूर आला होता, तो आपण विसरला नसाल. त्या वेळी मंडळाने नदीकाठच्या गल्ल्यांची एक वही केली होती. कोणत्या घरात म्हातारी एकटी आहे, कोणाला साखरेचे दुखणे आहे, कोणाच्या घरी तान्हे मूल आहे, अशी ती वही होती. पूर ओसरल्यावर ती वही त्यांनी रद्दीत घातली नाही. दिवाळीनंतर पुन्हा फिरून ती दुरुस्त केली. टाळेबंदीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या हातात ती तयार होती. ज्यांच्याकडे वही नव्हती त्यांनी चौकात पिशव्या वाटल्या, आणि ज्याचे पाय धावू शकले त्याला पिशवी मिळाली.

मंडळाच्या वहीत घरे होती, परंतु खोल्यांतून दाटीने राहणारी परप्रांतीय माणसे नव्हती. ती आमच्या युनियनच्या पावतीपुस्तकांत होती, कारखानावार. तेव्हा दोन्ही वह्या एका टेबलावर आल्या. हे लिहिण्याइतके सोपे नव्हते. आमच्या काही साथींना वाटे की, आपली यादी दुसऱ्याच्या हातात गेली तर उद्या कोण कामगार युनियनचा, हे मालकांना कळेल. शंका खोटी नव्हती. मंडळाच्या सभासदांत कारखानदार होते. शेवटी ठरले ते असे: यादीत कारखान्याचे नाव यावयाचे नाही, फक्त खोली, माणसांची संख्या आणि गरज. हा करार मंडळाने अक्षरशः पाळला. आज मी येथे उभा आहे त्याचे अर्धे कारण तो करार आहे.

मग गरजेचा प्रश्न आला. मंडळाने आरंभी पीठ, डाळ, तेल यांची पिशवी बांधली. कुटुंबवाल्याला ती उपयोगी. पण जो खानावळीत जेवतो, ज्याच्या खोलीत चूल नाही, शेगडी नाही, त्याने पीठ घेऊन काय करावे? खानावळी बंद झाल्या तेव्हा तो पिठाच्या पिशवीजवळ बसून उपाशी राहू लागला. हे आमच्या कार्यकर्त्यांनी सांगितल्यावर मंडळाने खानावळवाल्या बायकांनाच बोलावले. त्यांच्या चुली पेटवल्या, शिधा मंडळाने दिला, वर त्यांना मजुरी दिली, आणि डबे खोलीवर पोचू लागले. त्यामुळे ज्या बायांचा धंदा बुडाला होता त्यांचेही घर चालले. मला या सबंध काळातले सर्वांत शहाणपणाचे काम हेच वाटते. भुकेल्याला काय हवे हे त्याला विचारले पाहिजे. देणाऱ्याच्या घरी बसून ते ठरत नसते.

दुसरी गोष्ट छायाचित्रांची. पहिल्या आठवड्यात पिशवी देताना फोटो काढत. एका मागवाल्याने हात मागे घेतला आणि म्हणाला, "पिशवी राहू द्या, साहेब. गावाकडं माझ्या पोरीच्या फोनवर हे जाईल." मंडळाच्या चिटणीसांनी त्याच रात्री सर्वांना कळवले की, उद्यापासून फोटो नाही, देणगीदारांना हिशेब पावत्यांवर मिळेल. दोन-तीन देणगीदार रुसले, त्यांची वर्गणी थांबली. मंडळाने तो तोटा सोसला. मित्रहो, उपाशी माणसाकडेही एक वस्तू शिल्लक असते, ती म्हणजे त्याची अब्रू. ती पिशवीच्या मोबदल्यात मागण्याचा अधिकार कोणालाही नाही.

तिसरी गोष्ट सावधगिरीची. साथीतले काम पुरातल्या कामासारखे नसते. पुरात दहा हात जास्त आले तर बरेच. साथीत तेच दहा हात रोग घरोघर पोचवतात. म्हणून मंडळाने साठीच्या पुढच्या सभासदांना घरी बसवले, पण रिकामे बसवले नाही. त्यांना फोनचे काम दिले. प्रत्येकाकडे ठरावीक घरे, रोज ठरावीक वेळी फोन: ताप आहे का, गोळ्या संपल्या का, काही हवे आहे का. तरुणांच्या दोघादोघांच्या जोड्या केल्या, त्या शेवटपर्यंत बदलल्या नाहीत. एखाद्याला ताप आला तर एकच जोडी बाजूला निघे, सगळे काम बंद पडत नसे. रक्तदानाची शिबिरे बंद झाली तेव्हा रक्तपेढ्यांत रक्ताची चणचण झाली. ज्या मुलांना थॅलसेमियामुळे वारंवार रक्त चढवावे लागते त्यांना तर थांबून चालत नाही. तेव्हा मंडळाने वेळ ठरवून एकेक रक्तदाता पाठवला. शिबिर भरले नाही, पण रक्त जमत राहिले.

आणि बैठक? ती एक वारही चुकली नाही. फोनच्या पडद्यावर भरली. अनेकांना ते यंत्र जमेना. कोणाचा आवाज येई तर चेहरा दिसेना, कोणाच्या घरातला कुकर शिट्ट्या देई. लोक हसत. पण मागील बैठकीचे वृत्त वाचले जाई, जमाखर्च सांगितला जाई, पुढच्या आठवड्याची कामे वाटली जात. मला आधी ते सोपस्कार वाटत. पुढे कळले की, याच सोपस्कारांनी मंडळ तगून राहिले. उत्साह चार आठवडे टिकतो. त्यापुढे माणूस टिकतो तो बुधवारी आपल्याला हिशेब द्यावयाचा आहे म्हणून.

याची कसोटी २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत लागली. दुसरी लाट आली तेव्हा भूक मागे पडली आणि श्वास पुढे आला. मंडळाने ऑक्सिमीटर घरोघर फिरवले, हवेतून प्राणवायू वेगळा करणारी यंत्रे मिळवून ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पाळीने दिली. फोन करणाऱ्या वडीलधाऱ्यांत एक निवृत्त दिवाणजी होते. एका कारखान्यात हिशेब लिहिण्यात त्यांचा जन्म गेला होता. संध्याकाळी सहा वाजता ते फोन लावीत. ते स्वतःच आजारी पडले आणि आठ दिवसांत गेले. दुसऱ्या दिवशी सहा वाजता त्यांच्या वाट्याच्या घरांत फोन वाजले. त्यांच्या वहीत प्रत्येक नावापुढे शेवटचे बोलणे लिहिलेले होते, ती वही घेऊन दुसरे गृहस्थ बसले होते. लोकांनी विचारले, "आज दिवाणजी नाहीत का?" त्यांना काय सांगावे, हे त्या गृहस्थांना जड गेले. पण औषध त्या रात्री पोचले. एका माणसाच्या जाण्याने जे काम थांबते ते त्या माणसाचे काम. जे चालू राहते ते संस्थेचे.

अशा चिवट सेवेचे मोठे उदाहरण जगापुढे आहे. रोटरीने १९८५ साली पोलिओविरुद्ध मोहीम उघडली. आपल्या देशातला पोलिओचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त ठरला. त्यात सरकार होते, डॉक्टर होते, दारोदार फिरलेल्या असंख्य बाया होत्या. पण एका क्लबाने एकच काम पिढी बदलेपर्यंत धरून ठेवले, हेही त्यात होते.

आता मी मघाचे वचन पुरे करतो आणि ना. म. जोशींकडे वळतो. ज्या माणसाने लीगच्या मार्फत गिरणगावात सेवा केली, तोच १९१९ साली वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेला हिंदी कामगारांचा प्रतिनिधी म्हणून गेला, आणि १९२० साली आयटकच्या स्थापनेत पुढे होता. इन्फ्लुएन्झामुळे हे झाले, असे मी म्हणणार नाही. पण क्रम पाहा. आधी त्यांनी चाळी पाहिल्या, रात्रशाळा चालवल्या, औषधे पोचवली. मग कामगारांच्या संघटनेत आणि कायदेमंडळात कामाचे तास, भरपाई, बाळंतपणाची रजा यांसाठी झगडले. त्यांच्या आयुष्यात सेवा आणि हक्क ही दोन वैरी घराणी नव्हती. सेवेने त्यांना सांगितले की कामगाराला काय कमी आहे. हक्काच्या लढ्याने ते मागितले.

हाच आजच्या भाषणाचा मुद्दा आहे. २०२० साली मंडळाने या गावात हजारो डबे पोचवले असतील. पण मागवाल्याच्या हातात कामाची नोंद असलेला कागद असता, आजारपणाचा विमा असता, शिधापत्रिका कोठेही चालती, तर त्यातले पुष्कळ डबे लागलेच नसते. जे मंडळ हे पाहूनही बोलत नाही, ते दर साथीला नवी पिशवी शिवत राहील. उलट आम्ही युनियनवाले केवळ मागण्यांची पत्रके काढत राहिलो, तर माणूस उपाशी असताना त्याच्या दारात आमचे पत्रक तेवढे असेल. दोघांनाही दोघांची गरज आहे.

म्हणून माझे तीन सांगणे आहेत. पहिले, वही. पूर नाही, साथ नाही, अशा वर्षीही दिवाळीनंतर ती दुरुस्त व्हावी, आणि तीत नावाचा कागद नसलेला माणूस प्रथम यावा. दुसरे, वर्षातून दोनदा मंडळे, युनियन, महापालिकेचे आरोग्य खाते आणि खानावळवाल्या बाया यांनी एकत्र बसावे. संकटात ओळख करून घेण्यात पहिला आठवडा जातो, आणि उपाशी माणसाला तो आठवडा फार लांब असतो.

तिसरे सांगणे जरा टोचेल, पण ते न सांगता खाली बसलो तर माझे येणे फुकट. त्या दोन वर्षांत मंडळाच्या जोड्यांत आमचे मागवाले होते, कांडीवाल्या बाया होत्या. डबे त्यांनी वाहिले, ताप त्यांनी अंगावर घेतला. साथ संपली आणि मंडळाने त्यांचा सत्कार केला, शाली दिल्या. पण सभासदांच्या यादीत आजही त्यांतले एक नाव नाही. वर्गणी जड आहे आणि बैठकीची वेळ दुसऱ्या पाळीच्या आड येते, असे सांगतात. वर्गणी कमी करता येते, वेळ बदलता येते. ज्यांनी साथीत साथ दिली त्यांना मंडळाच्या टेबलाशी खुर्ची मिळाली पाहिजे, केवळ दारात शाल नको. ते ज्या दिवशी बैठकीत बसतील, त्या दिवशी पुढच्या संकटाची वही कोणाला विचारून लिहावयाची हा प्रश्नच उरणार नाही.

 माझे बोलणे कोणाला कडू लागले असेल तर त्यांनी उद्या युनियनच्या कचेरीत यावे. चहा पाजून त्यांच्याशी भांडावयास मी तयार आहे.